भुजच्या उष्ण डागाची झडती: उपग्रहाच्या नोंदींतून भूकंपाची पूर्वखूण कशी तपासावी

उपग्रहाच्या तापमान-नोंदी घेऊन भूकंपाआधीचा 'उष्ण डाग' नकाशावर काढणे हे एका दुपारचे काम आहे. तो डाग ढगांमुळे, ओलीमुळे किंवा निव्वळ योगायोगाने पडलेला नाही, हे दाखवायला मात्र काही आठवडे लागतात, आणि बहुतेक डाग त्या झडतीत टिकत नाहीत. हा लेख त्या झडतीविषयी आहे. भूकंप कुठे, कधी आणि केवढा होणार हे भरवशाने सांगणारी एकही खूण आजवर हाती आलेली नाही. इटलीतील लाक्विलाच्या २००९ च्या भूकंपानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली जगभरचे दावे तपासून हाच निष्कर्ष काढला. तरीही हा अभ्यास करण्याजोगा आहे, कारण नोंदी फुकट आहेत, सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि दावा खरा की खोटा हे घरच्या संगणकावर तपासता येते.

उदाहरण म्हणून भुजचा भूकंप घेऊ. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे. परिमाण ७.७ (काही याद्यांत ७.६), केंद्र साधारण २३.४ अंश उत्तर, ७०.२ अंश पूर्व. या भूकंपाच्या आधी कच्छची जमीन उपग्रहाला नेहमीपेक्षा गरम दिसली, असे शोधनिबंध २००४ आणि २००५ मध्ये आले. रुडकीच्या आयआयटीतील सराफ आणि चौधरी यांनी नोआ या अमेरिकी हवामानसंस्थेच्या उपग्रहांवरील एव्हीएचआरआर उपकरणाच्या नोंदी वापरल्या, तर उझुनोव्ह आणि फ्रॉइंड यांनी नासाच्या टेरा उपग्रहावरील मोडिसच्या. पुढे २०११ मध्ये ब्लॅकेट, वूस्टर आणि मॅलमड यांनी मोडिसच्याच नोंदी अनेक वर्षांच्या पार्श्वभूमीवर पुन्हा मांडल्या. ढगांमुळे पडलेल्या रिकाम्या जागा आणि शेजारशेजारच्या नोंदी जोडताना पडलेले सांधे यांतून असे डाग दिसू शकतात, असे त्यांना आढळले. भूकंपाशी जोडता येईल असा पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे एकाच जागेचा, एकाच महिन्याचा दावाही उपलब्ध आहे आणि त्याचे खंडनही. शिकायला याहून चांगली जागा नाही.

आधी एक छोटे गणित

'खडक घासले, उष्णता झाली, ती वर आली' असा समज सर्रास आढळतो. तो मनातून काढूनच कामाला बसावे. खडकातून उष्णता फार हळू सरकते. तिची विसरणक्षमता (पसरण्याची गती) सेकंदाला सुमारे ०.०००००१ चौरस मीटर, म्हणजे एक चौरस मिलिमीटर असते. या वेगाने दहा दिवसांत उष्णता जेमतेम एक मीटर सरकते. एक किलोमीटर पार करायला तिला तीस हजार वर्षे लागतील. भुजचा भूकंप सुरू झाला तो वीसेक किलोमीटर खोलीवर. तेव्हा वहनाने वर आलेली उष्णता हे स्पष्टीकरण बाद.

या क्षेत्रातल्या संशोधकांचे दावे वेगळे आहेत. एका मतानुसार ताणाखालच्या खडकांतून रेडॉन वायू सुटतो, तो हवेचे आयनीकरण करतो, त्या आयनांभोवती बाष्प जमते आणि सुप्त उष्मा (बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता) बाहेर पडतो. दुसऱ्या मतानुसार अग्निजन्य खडकांत ताणामुळे धनभार मोकळे होतात, ते पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि तिथे अवरक्त किरण बाहेर पडतात. प्रयोगशाळेत दगड दाबून यातले काही परिणाम दाखवता आले आहेत. कच्छएवढ्या प्रदेशात ते उपग्रहाला दिसण्याइतके होतात का, हा वादाचा मुद्दा आहे. आपली तपासणी कारणात शिरत नाही. डाग खरा आहे का, एवढेच पाहते.

सामग्री

चालू स्थितीतला कोणताही लॅपटॉप पुरतो. गूगल अर्थ इंजिनवर बिगरव्यावसायिक कामासाठी फुकट नोंदणी करा. तिथे सगळी गणिते गूगलच्या संगणकांवर होतात, काही उतरवून घ्यावे लागत नाही. प्रोग्रामिंगची भीती वाटत असेल तर नासाच्या ॲपीअर्स सेवेवर आपली चौकट आणि तारखा द्या. कापलेले रास्टर (पिक्सेलच्या जाळ्यातला नकाशा) तयार मिळते आणि ते क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडते. आपल्या चौकटीसाठी एकोणीस-वीस हिवाळ्यांचा ऐवज तीन-चार जीबीत बसतो.

चौकट २० ते २६ अंश उत्तर आणि ६७ ते ७३ अंश पूर्व घ्या. तीत कच्छ, काठेवाड, उत्तर गुजरातचा काही भाग, सिंधचा दक्षिण भाग आणि अरबी समुद्राचा तुकडा येतो. चौकट याहून लहान घेतली तर 'आसपासच्या मानाने गरम' हे कशाशी ताडायचे ते उरत नाही. फार मोठी घेतली तर तिच्या दोन टोकांना दोन वेगळी हवामाने येतात.

नोंद घ्यायची ती मोडिसची रोजची एक किलोमीटरची पृष्ठतापमान-मालिका: 'एमओडी११ए१', आवृत्ती ०६१. चार थर लागतात: रात्रीचे तापमान, रात्रीची गुणवत्ता, उपग्रह वरून गेल्याची वेळ आणि पाहण्याचा कोन. रात्रच का? दिवसा ऊन, सावली, पीक, नांगरट या सगळ्यांचा तापमानावर इतका प्रभाव असतो की दोन अंशांचा फरक त्यात बुडून जातो. टेरा २०२० पर्यंत रात्री साडेदहाच्या आसपास जात असे, तेव्हा हा गोंधळ कमी असतो.

आठ दिवसांची एकत्रित मालिकाही मिळते आणि तिच्यात रिकाम्या जागा कमी असल्याने ती सुबक दिसते. ती घेऊ नका. त्या आठ दिवसांत एका पिक्सेलला सोमवार-मंगळवारची निरभ्र रात्र मिळालेली असते, शेजारच्याला शनिवारची. मधे थंडीची लाट येऊन गेली असेल, तर दोन शेजाऱ्यांत चार अंशांची भिंत उभी राहते आणि तिची कड नेमकी एखाद्या भ्रंशरेषेसारखी (जिथे खडक तुटून सरकतात त्या रेषेसारखी) भासते.

पाया बांधताना

इथे भुजच्या उदाहरणातली सर्वांत मोठी अडचण येते, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेरावरच्या या मालिकेच्या नोंदी २४ फेब्रुवारी २००० पासून सुरू होतात. म्हणजे जानेवारी २००१ हा या मालिकेतला पहिलाच जानेवारी. भूकंपाच्या वेळी तुलनेला मागचा एकही जानेवारी नव्हता. आज आपण जो 'नेहमीचा जानेवारी' काढतो तो पूर्णपणे भूकंपानंतरच्या वर्षांचा असतो. या मालिकेत दुसरा पर्याय नाही, पण अहवालात हे पहिल्या परिच्छेदात लिहा.

पायासाठी, म्हणजे तुलनेच्या सरासरीसाठी, २००२ ते २०२० हे १९ जानेवारी घ्या. २००१ स्वतः पायात घालू नका, नाहीतर ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षक होतो. २०२० च्या पुढे जाऊ नका, कारण त्या वर्षापासून टेराची कक्षा पूर्वीसारखी सावरली जात नाही आणि तो हळूहळू लवकर येऊ लागला आहे. रात्री लवकर मोजलेली जमीन थोडी गरमच असते. ती वर्षे मिसळली की सरासरी विनाकारण वर सरकते.

प्रत्येक तारखेसाठी तिच्या आधीचे १५ आणि नंतरचे १५ दिवस धरा. असे ३१ दिवस गुणिले १९ वर्षे, म्हणजे एका पिक्सेलला जास्तीत जास्त ५८९ रात्री मिळतात. गाळणी लावल्यावर शंभरपेक्षा कमी उरल्या तर तो पिक्सेल सोडून द्या.

गाळण्या अशा लावा. गुणवत्तेच्या थरात ० आणि १७ हे आकडे ठेवा. दोन्हींत तापमानाची चूक एका अंशाच्या आत असते. ६५ आणि ८१ यांत ती दोन अंशांपर्यंत जाते. ज्या खुणेच्या शोधात आहोत तीच दोन-तीन अंशांची असल्याने हे पिक्सेल काढून टाका. २ म्हणजे ढग. पाहण्याचा कोन दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतच ठेवा. बरोबर खालचा पिक्सेल एक किलोमीटरचा असतो, पण पट्ट्याच्या अगदी कडेला तोच सुमारे दोन बाय पावणेपाच किलोमीटरचा होतो आणि त्यात गाव, शेत, खाडी सगळे एकत्र मिसळते. समुद्र आणि कायमचे पाणी पाणी-मास्कने (पाण्याचे पिक्सेल वगळणाऱ्या थराने) झाका, आणि किनाऱ्यालगतची दोन-तीन पिक्सेलची पट्टीही झाका.

कच्छचे रण वेगळा गट म्हणून हाताळा. पावसाळ्यात त्यात पाणी भरते, मग ते महिनोन्‌महिने आटत राहते. ओली माती दिवसाची ऊब रात्री धरून ठेवते, कोरडी पापुद्र्याची जमीन झटकन निवते. पाऊस चांगला झाला त्या वर्षीचे जानेवारीतले रण आणि दुष्काळी वर्षाचे रण ही रात्री मोजायला दोन निराळ्या जमिनी आहेत. रणात दिसलेला कोणताही डाग त्या वर्षीच्या पाण्याच्या नकाशाशी ताडल्याशिवाय पुढे नेऊ नये.

विचलन काढणे, आणि ढगांचा चकवा

या कामातली प्रसिद्ध रीत इटलीतील त्रामुतोली आणि सहकाऱ्यांची. रात्रीच्या प्रत्येक पिक्सेलच्या तापमानातून त्या रात्रीची चौकटीतली जमिनीची सरासरी वजा करायची. उरलेल्या आकड्यातून त्याच पिक्सेलच्या अशाच आकड्यांची बहुवार्षिक सरासरी वजा करायची आणि प्रमाणित विचलनाने (आकडे सरासरीभोवती सहसा किती विखुरतात त्या मापाने) भागायचे. येणारा आकडा म्हणजे 'हा पिक्सेल आपल्या स्वभावापेक्षा किती पट ढळला'. आकडा ४ च्या वर असावा, डाग एक अंश बाय एक अंश चौकोनात किमान १५० चौरस किलोमीटर (सुमारे १७५ पिक्सेल) पसरलेला असावा आणि सात दिवसांत निदान एकदा पुन्हा दिसावा, तरच तो गंभीरपणे घ्यावा, अशा अटी त्या पद्धतीत आहेत. अटी चांगल्या आहेत. रात्रीची सरासरी काढण्याची पायरी मात्र घात करते.

कसा ते पाहा. समजा निरभ्र रात्री किनाऱ्याकडची अर्धी जमीन २९० केल्व्हिनला आहे आणि आतली अर्धी २८४ ला. सरासरी २८७. आतला पिक्सेल सरासरीहून ३ ने खाली, आणि तसाच तो नेहमी असतो. दुसऱ्या रात्री किनाऱ्यावर ढग आले. तो भाग नोंदीतून गळला, सरासरी झाली २८४, आणि आतला पिक्सेल आता सरासरीइतकाच ठरला. जमिनीचे तापमान तसूभरही बदललेले नाही, पण गणितात आतला प्रदेश ३ अंशांनी 'गरम' झाला. प्रमाणित विचलन १ असेल तर थेट ३ पट ढळलेला, शेकडो किलोमीटर पसरलेला भव्य लाल डाग. ढगाचा एक पदर आणि नकाशावर भूकंपाची चाहूल!

यासाठी त्या पद्धतीत फार ढगाळ रात्री टाकून देतात. आमची शिफारस त्यापुढची आहे: क्रम बदला. आधी प्रत्येक पिक्सेलमधून त्याची स्वतःची बहुवार्षिक सरासरी वजा करा. जे उरले त्याचा, त्या रात्री जे पिक्सेल निरभ्र आहेत तेवढ्यांवर, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या आणि तो वजा करा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण ढगाच्या कडेचे थंडगार पिक्सेल गाळणीतून निसटले तरी तो फारसा हलत नाही. मग या शेषाच्या प्रमाणित विचलनाने भागा. वरच्या उदाहरणात किनारा झाकला गेला तरी आतल्या पिक्सेलचा शेष शून्यच राहतो.

एक पिक्सेल हातात घेऊन पाहू. कच्छमधल्या खावड्याजवळचा समजा. थरातला कच्चा आकडा १४३५०. त्याला ०.०२ ने गुणले की २८७.०० केल्व्हिन, म्हणजे १३.८५ अंश सेल्सिअस. (हे गुणणे विसरणे ही नवख्यांची पहिली चूक, ० हा आकडा तापमान समजून सरासरीत घेणे ही दुसरी. ० म्हणजे नोंद नाही.) या पिक्सेलची त्या दिवसांची सरासरी २८३.९ समजा, म्हणजे फरक ३.१. सगळा प्रदेशच त्या रात्री १.४ अंशांनी उबदार होता, उरले १.७. या पिक्सेलचे प्रमाणित विचलन ०.८, भागाकार सुमारे २.१. पहिल्या नजरेला 'तीन अंशांनी गरम' दिसणारी जागा प्रत्यक्षात किरकोळ ठरली.

एवढे करूनही चकवे उरतात. कच्छच्या हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवेची प्रणाली) येतो तेव्हा आधी ढग आणि दमट हवा येऊन रात्री उबदार होतात, मागून उत्तरेचे कोरडे वारे शिरतात. ही आघाडी चौकटीच्या मधोमध असेल त्या रात्री अर्धी चौकट गरम, अर्धी गार दिसते. त्यामुळे डाग सापडलेल्या प्रत्येक रात्रीसाठी एरा-५ या हवामान-पुनर्विश्लेषणातून दोन मीटरवरचे तापमान, दवबिंदू आणि वारा काढा. हवेचे तापमानही तेवढेच वर गेले असेल तर डाग हवेचा आहे. वेळेचा थरही पाहा. उपग्रहाचा मार्ग रोज थोडा सरकतो, त्यामुळे एकाच जागेची मोजणी एका रात्री लवकर, दुसऱ्या रात्री उशिरा होते, आणि त्या वेळी जमीन सतत निवतच असते.

योगायोग किती मोठा असतो

विचलने घंटाकृती वक्राप्रमाणे पसरली आहेत असे धरले तर ३ पटींच्या वर जाण्याची शक्यता ०.१३५ टक्के. कमी वाटते, पण एक लाख पिक्सेलमागे दर रात्री १३५ पिक्सेल भूकंपाविनाच ३ च्या वर असतील. ४ पटींची मर्यादा ठेवली तर लाखात तीनेक. शिवाय पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. शेजारी शेजाऱ्यासारखाच वागतो, त्यामुळे हे योगायोगाचे ठिपके विखुरलेले न राहता पुंजक्यांनी येतात. डोळ्याला पुंजका दिसला की तो अर्थपूर्ण वाटतो.

त्यामुळे नकाशा पाहण्याआधी नियम लिहून काढा: मर्यादा किती पट, क्षेत्रफळ किती, किती दिवसांत पुन्हा दिसावा, भूकंप केंद्रापासून किती अंतरात आणि डागानंतर किती दिवसांत यावा, किमान परिमाण किती. हा कागद तारखेसह ओएसएफ किंवा झेनोडोसारख्या खुल्या ठिकाणी जमा करा. नंतर त्यातली एकही अट हलवायची नाही. डाग आधी सापडतो आणि अट त्याच्या मापाने मागून शिवली जाते, असे या क्षेत्रात वारंवार घडले आहे.

अंतराची अट विशेष जपून ठरवा. दोब्रोवोल्स्कीचे सूत्र बऱ्याच निबंधांत दिसते: त्रिज्या म्हणजे १० चा (०.४३ गुणिले परिमाण) इतका घात, किलोमीटरमध्ये. परिमाण ५ ला १४१ किलोमीटर, ६ ला ३८०, ७ ला १०२३. भुजच्या ७.७ ला ती २००० किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे मराठवाड्यात, राजस्थानात, दिल्लीत कुठेही डाग दिसला तरी तो 'भुजचा' ठरवता येईल! जी अट कशानेच मोडत नाही ती चाचणी नव्हे. १०० किंवा १५० किलोमीटर ठेवा आणि त्यावर टिकून राहा.

मग आंधळी चाचणी. २००१ ते २०२० च्या प्रत्येक जानेवारीचे नकाशे एकाच रंगपट्टीत छापा, वर्षाच्या जागी क, ख, ग अशी अक्षरे द्या. अक्षरांची किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. आता नियमात बसणारे डाग मोजा आणि 'भूकंपाचे वर्ष' कोणते ते ओळखा. दहा जणांना ओळखायला सांगितले तर आणखी चांगले. रंगपट्टी प्रत्येक नकाशाला आपोआप ताणली जाऊ देऊ नका. ती उणे ४ ते अधिक ४ अशी पक्की बांधा, नाहीतर सौम्य महिनाही लालभडक दिसेल.

शेवटी संख्येची कसोटी. समजा तुमच्या नियमाने वीस वर्षांत इतके डाग निघाले की डागानंतरचे तीस-तीस दिवस जोडल्यावर एकूण काळाचा ४० टक्के भाग 'इशाऱ्याखाली' येतो. त्या काळात पाच भूकंप झाले आणि त्यांतल्या चारांआधी डाग होता. पाचपैकी चार! पण कोणताही भूकंप आंधळेपणाने त्या ४० टक्क्यांत पडण्याची शक्यता मुळातच ०.४ आहे, आणि पाचपैकी चार किंवा जास्त असे पडण्याची शक्यता ८.७ टक्के येते. दर अकरा-बारा निरर्थक नियमांत एक असा यशस्वी दिसेल. म्हणून इशाऱ्याखालचा काळ आडव्या अक्षावर आणि हुकलेल्या भूकंपांचे प्रमाण उभ्या अक्षावर मांडा (याला मोल्चान आलेख म्हणतात). कर्णाच्या बरेच खाली आलात तरच बोलण्याजोगे काही आहे. भूकंपांच्या यादीतून पश्चात्कंप आधी काढा. एका मोठ्या धक्क्यामागच्या वीस धक्क्यांना वीस यश म्हणून मोजले तर सगळेच फसते.

आयनांबर

दुसरी लोकप्रिय खूण म्हणजे जीपीएस संदेश आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) येताना वाटेत किती इलेक्ट्रॉन लागले त्याची मोजणी. जागतिक नकाशे आयोनेक्स या ठरलेल्या फाईल-स्वरूपात नासाच्या सीडीडीआयएस संग्रहातून मिळतात: अक्षांशात अडीच, रेखांशात पाच अंशांचे जाळे, दर दोन तासांनी. नेहमीची रीत अशी की मागच्या १५ दिवसांचा त्याच वेळेचा मध्यक घ्यायचा आणि मधल्या पन्नास टक्के नोंदींच्या पसाऱ्याच्या दीडपटीपलीकडे गेलेली नोंद 'असामान्य' म्हणायची. घंटाकृती वक्रात ही मर्यादा दोन प्रमाणित विचलनांइतकीच पडते. महिन्याच्या ३६० नोंदींपैकी पंधरा-सोळा अशाच बाहेर जातात. भूकंपाआधीच्या दोन आठवड्यांत एखादी 'असामान्य' नोंद न सापडणे हेच अवघड.

गुजरातसाठी आणखी एक अडचण आहे. विषुववृत्तीय आयनीकरणाचा उत्तरेकडचा उंचवटा याच पट्ट्यावर, अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असतो. तो रोज थोडा वर-खाली सरकतो आणि त्याच्या कडेखाली असलेल्या ठिकाणी इलेक्ट्रॉनसंख्या एका दिवसातून दुसऱ्या दिवशी मोठी उडी घेते. जानेवारी २००१ तर सौरचक्राच्या शिखराजवळचा काळ. निदान एवढे करा: क्योटोचा डीएसटी आणि पॉट्सडामचा केपी निर्देशांक (दोन्ही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजतात) जोडा, डीएसटी उणे ३० च्या खाली किंवा केपी ३ च्या वर गेलेला दिवस आणि पुढचे तीन दिवस काढून टाका, आणि त्याच चुंबकीय अक्षांशावरचा पण २०-३० अंश पूर्वेचा बिंदू सोबत मांडा. दोन्हीकडे एकदम उडी असेल तर तिचा उगम सूर्याकडे शोधा.

जमिनीची हालचाल

रडारच्या दोन फेऱ्यांतला फरक काढून जमीन किती सरकली ते पाहणे ही उपग्रहांची खरी ताकद. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार-उपग्रहाच्या ५.६ सेंटिमीटर तरंगलांबीत रंगाचा एक फेरा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला नासा-इस्रोचा निसार हा रडार-उपग्रह लांब तरंगलांबीचा, दर १२ दिवसांनी येणारा, झाडीतूनही बऱ्यापैकी पाहणारा आहे. यातून भ्रंशावर ताण कुठे साठतोय ते कळते; तो कधी सुटेल ते नाही. आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांनी बदलली तर १० सेंटिमीटरपर्यंत खोटी हालचाल दिसू शकते, म्हणून दोन चित्रांवर काहीच ठरवू नका. निदान वीस-तीस चित्रांची मालिका घ्या.

जीपीएसच्या नोंदींचेही तेच. जुलै २०२३ मध्ये ब्लेतेरी आणि नोके यांनी ७ आणि त्याहून मोठ्या ९० भूकंपांच्या नोंदी एकत्र रचून आधीच्या दोन तासांत भ्रंश हळूहळू सरकू लागल्याची खूण दाखवली. नोंदी खुल्या होत्या. ब्रॅडली आणि हबर्ड यांनी त्या पुन्हा तपासल्या, एकाच भागातल्या सगळ्या स्थानकांना समान असलेला गोंगाट वजा केला, आणि ती खूण विरली. हे काम कसे व्हावे याचा नमुना म्हणून दोन्ही बाजू वाचाव्यात.

चालू काळातला डाग दिसला तर

तो समूहांवर पाठवू नका. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ प्रमाणे घबराट पसरवणारा खोटा इशारा देणे किंवा फिरवणे हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कायद्याहून मोठी गोष्ट म्हणजे किल्लारीसारखी पहाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना अशा निरोपाने कडाक्याच्या थंडीत मुलाबाळांसह उघड्यावर रात्र काढावी लागते. नोंद, नियम आणि तारीख खुल्या संग्रहात जमा करा, मुदत संपेपर्यंत थांबा, मग निकाल जाहीर करा, विशेषतः हुकलेला. भूकंपांची अधिकृत यादी दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची धरा.

कोयनेवर हीच रीत लावायची असेल तर

महाराष्ट्रातले बरेच जण पहिल्यांदा तिकडेच वळतील. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ चा धक्का आणि त्यानंतर धरणाच्या दक्षिणेला साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात अजूनही होणारे धक्के, एवढी आटोपशीर प्रयोगशाळा जगात क्वचितच सापडते. पण तापमानासाठी ती अवघड आहे. जून ते सप्टेंबर ढगांमुळे नोंदीच नसतात. जलाशय अरुंद आणि फाटे फुटलेला, त्यामुळे एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये पाणी आणि डोंगरउतार एकत्र येतात. हिवाळ्याच्या रात्री पाणी जमिनीपेक्षा गरम असते. पातळी वर तर काठचा पिक्सेल गरम, पातळी उतरली की तोच गार. आणि कोयनेचे धक्केही जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशीच बांधलेले आहेत. दोघांना हलवणारे पाणी एकच, म्हणून काठचे तापमान आणि धक्के यांत छान सहसंबंध दिसेल आणि त्यात पूर्वखूण काहीच नसेल. तेव्हा पूर्ण भरलेल्या जलाशयाची कड घेऊन तिच्यापासून तीन पिक्सेलची पट्टी झाका, धरणाची रोजची पातळी नोंदींशेजारी एका रकान्यात ठेवा, आणि आधी ती पातळी वजा करूनच धक्क्यांची यादी उघडा.